चार्ज करा, ओढा, फेका: आंबेनळी घाटात पोहोचलेल्या 'रिचार्जेबल डिस्पोजेबल' वेपचं करायचं काय?

पोलादपूर सोडलं की महाबळेश्वरचा रस्ता आंबेनळी घाट चढायला लागतो. माझा मामा या रस्त्यावर गेली वीस-बावीस वर्षं जीप चालवतो आणि जवळपास तेवढीच वर्षं सिगारेट ओढतो. घाटात शिरायच्या आधी एक आणि वर पोहोचल्यावर एक, असा त्याचा अधिकृत हिशेब. मधल्या वळणांवर किती होतात, ते मामीला विचारायचं.

मागच्या खेपेला गावी गेले तेव्हा त्याच्या हातात सिगारेट नव्हती. मुठीत मावेल असा गुलाबी-पिवळा प्लॅस्टिकचा डबा होता. खाली मोबाइलच्या चार्जरची पिन बसेल असं भोक, बाजूला इवलासा स्क्रीन, त्यावर बॅटरी किती उरली आणि रस किती उरला याचे आकडे. आखातात नोकरी करणाऱ्या त्याच्या मित्राने सुट्टीवर येताना आणलेला. चव आंब्याची. (आंबेनळीत आंब्याचीच चव, हा योगायोग मामाला फार आवडला होता.)

"सिगारेट बंद केली बघ," तो म्हणाला. आणि मग हळूच, "तू बातम्यांत असतेस ना? हे सिगारेटपेक्षा बरं का वाईट, एवढं सांग."

'एवढं सांग' म्हणाला खरा, पण मला त्यासाठी दोन आठवडे वाचन करावं लागलं. इन्स्टाग्रामवर याच डब्यांचे रील तुमच्याही समोर येत असतील, म्हणून ते इथे मांडतेय.

चार्ज होतं, तर 'डिस्पोजेबल' कसं?

वेपमध्ये जाळ नसतो. बॅटरी एका बारीक तारेच्या कॉइलला तापवते, कॉइलभोवती रसात भिजलेला कापूस असतो आणि तापलेल्या रसाचे बारीक तुषार आपण आत ओढतो. रस म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं आणि निकोटिन. 'ही नुसती पाण्याची वाफ' असं सांगणाऱ्याने बहुधा डब्यावरची बारीक अक्षरं वाचलेली नसतात.

सुरुवातीचे डिस्पोजेबल वेप छोटे होते. रस संपायचा, त्याच सुमाराला बॅटरीही संपायची, डबा फेकून द्यायचा. मग कंपन्यांमध्ये 'पफ'च्या आकड्यांची शर्यत लागली. ५०० पफवरून ५,०००, पुढे १०,००० आणि त्याहून जास्त. एवढा रस भरायचा तर त्याला पुरेल अशी बॅटरी फार मोठी आणि महाग होते. त्यावर सोपा उपाय निघाला: बॅटरी लहानच ठेवायची आणि चार्जिंगचं भोक द्यायचं. बॅटरी संपली की चार्ज करा, रस संपला की मात्र सगळा डबा फेका, कारण रस पुन्हा भरायची सोयच नाही.

म्हणजे चार्जिंगची सोय तुमच्या पैशांसाठी किंवा पर्यावरणासाठी दिलेली नाही. भरलेला रस शेवटपर्यंत ओढला जावा, यासाठी ती आहे.

आधी कायदा, कारण मामाला तो माहीतच नव्हता

भारतात हे विकणं गुन्हा आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्र सरकारने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठा आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निकोटिन नसलेला वेपही या व्याख्येत येतो, त्यामुळे 'झिरो निकोटिन आहे' ही पळवाट चालत नाही.

यात 'ओढणे' हा शब्द कुठेच नाही. कायद्यात वापरणाऱ्याला शिक्षा सांगणारं वेगळं कलम नाही, आणि साठ्याचं कलम जागा आणि माल डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं आहे. पण केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ मध्ये भूमिका घेतली की कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात ई-सिगारेट जवळ बाळगणं हेसुद्धा कायद्याचं उल्लंघन आहे. खिशातल्या एका डब्यावरून वाद घालायचाच असेल तर तो पोलिसांसमोर घालावा लागेल, एवढं लक्षात ठेवा.

आयात बंद म्हणजे बॅगेतून आणलेला नगही बंद. संयुक्त अरब अमिरातीत २०१९ पासून वेप कायदेशीरपणे विकले जातात. महाड, माणगाव, पोलादपूर, पलीकडे खेड, या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात आहे. तिथल्या दुकानातून बिल घेऊन घेतलेली वस्तू मुंबईच्या विमानतळावर उतरताच बेकायदा होते, हे आणणाऱ्यालाही अनेकदा माहीत नसतं. अत्तर, खजूर, चॉकलेट आणि हे, सगळं एकाच पिशवीत येतं.

मोठा माल अर्थातच पिशवीतून येत नाही. २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने गुजरातच्या मुंद्रा बंदरावर सुमारे दोन लाख ई-सिगारेट पकडल्या होत्या. कागदोपत्री त्या फरशी पुसायचे मॉप होत्या! आणि बंदी असूनही हे किती राजरोस झालंय बघा: सप्टेंबर २०२५ मध्ये एका वेब मालिकेत रणबीर कपूरच्या हातात ई-सिगारेट दिसली म्हणून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने कारवाईच्या सूचना दिल्या, तर डिसेंबरमध्ये खुद्द लोकसभेत एक खासदार ई-सिगारेट ओढतात, अशी तक्रार अनुराग ठाकूर यांनी अध्यक्षांकडे केली.

महाराष्ट्राला याचं नवल वाटायचं कारण नाही. गुटखा २०१२ पासून बंद आहे. कुठल्याही एसटी स्टँडच्या कोपऱ्यात नजर टाका, पुड्या सापडतील.

मग बरं की वाईट?

मामाचा प्रश्न कायद्याचा नव्हता, छातीचा होता. म्हणून इथे जरा थांबते.

सिगारेटमधलं निकोटिन व्यसन लावतं, पण माणूस मरतो तो मुख्यतः धुरामुळे. तंबाखू जळल्यावर डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कॅन्सरला कारण ठरणारी कित्येक रसायनं तयार होतात. वेपमध्ये काही जळत नाही, म्हणून यातलं बरंच काही नसतं किंवा फार कमी असतं. हे खरं आहे, आणि बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही ते लपवू नये.

ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये 'वेपिंग सिगारेटपेक्षा साधारण ९५ टक्के कमी घातक' असं म्हटलं आणि तो आकडा जगभर फिरला. आजही वेप विकणाऱ्या प्रत्येक इन्स्टा पेजवर तो सापडतो. पण तो प्रयोगशाळेत मोजून काढलेला आकडा नव्हता. काही तज्ज्ञांनी एकत्र बसून लावलेला तो अंदाज होता, आणि तोही त्या काळातल्या उपकरणांबद्दलचा. ५,००० पफचे डबे तेव्हा बाजारात नव्हतेच.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात असं दिसतं, की निकोटिनचा पॅच किंवा गोळी वापरणाऱ्यांपेक्षा निकोटिनवाला वेप वापरणाऱ्यांपैकी जास्त लोक सहा महिन्यांनंतरही सिगारेटपासून दूर असतात. पण त्या चाचण्यांमधल्या लोकांना तपासलेली उपकरणं मिळाली होती आणि बऱ्याचदा सोबत समुपदेशनही होतं. मामाच्या डब्यात काय आहे, हे मात्र ना त्याला माहीत, ना आणणाऱ्याला.

हे 'काय आहे' किती महत्त्वाचं असतं, त्याची दोन उदाहरणं. २०१९-२० मध्ये अमेरिकेत वेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. २,८०७ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि ६८ जणांचा मृत्यू झाला. मुख्य संशयित ठरलं ते गांजाचा अर्क असलेल्या, बहुतांश अनधिकृत मार्गाने विकल्या गेलेल्या रसात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. आणि सिंगापूर, जिथे भारतासारखीच बंदी आहे, तिथे चोरट्या वेपमध्ये एटोमिडेट हे भुलीचं औषध सापडू लागलं. सप्टेंबर २०२५ पासून सरकारला त्याला अमली पदार्थांच्या यादीत घालावं लागलं. चोरट्या बाजारात डब्यावर 'मँगो' लिहिलेलं असतं, त्यापलीकडे कसलीच हमी नसते.

आता या विशिष्ट डब्याबद्दल. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२५ मध्ये काही लोकप्रिय डिस्पोजेबल वेपचे तुषार तपासले. त्यातल्या एका वेपच्या दिवसभराच्या वापरातून सिगारेटच्या जवळपास २० पाकिटांतून येईल त्याहून जास्त शिसं बाहेर पडत होतं. उपकरण जितकं जास्त वापरलं जाईल, तितकं काही धातूंचं प्रमाणही वाढत गेलं. जुन्या पद्धतीच्या वेपमध्ये कॉइल जळकट लागली की बदलता येते. इथे तीच कॉइल, तेच आतले सुटे भाग, पहिल्या पफपासून पाच हजाराव्या पफपर्यंत. चार्जिंगच्या भोकामुळे हा प्रवास शक्य होतो, म्हणून मला ते भोक साधं वाटत नाही.

'५ टक्के' म्हणजे किती?

मामाच्या डब्यावर '५%' लिहिलं होतं. त्याला वाटलं, पाचच टक्के, म्हणजे हलकं.

रसात ५ टक्के निकोटिन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण ५० मिलिग्रॅम. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये कायद्याने कमाल मर्यादा आहे २० मिलिग्रॅम, आणि टाकीत रस जास्तीत जास्त २ मिलिलिटर. समजा या डब्यात १० मिलिलिटर रस आहे. गुणाकार करा: ५०० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून शरीरात जातं ते साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. डब्यातलं सगळंच शरीरात उतरतं असं नाही, पण 'हलकं' हा शब्द इथे कुठेच बसत नाही. घरात लहान मूल असेल तर तो रस पोटात जाणं हा वेगळाच धोका.

एवढं तीव्र निकोटिन घशाला ओरबाडत कसं नाही? कारण या डब्यांत साधारणपणे निकोटिनचे क्षार वापरतात, म्हणजे निकोटिनमध्ये बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळलेलं असतं. त्याने घशाला बसणारा ठसका जातो. सिगारेटच्या पहिल्या झुरक्याला येणारा खोकला हा एक प्रकारे शरीराने घातलेला अडसर असतो, तो इथे काढून टाकलेला आहे. मामासारख्या जुन्या धूम्रपान करणाऱ्याला ते सोयीचं वाटतं. त्याच्या अकरावीतल्या मुलालाही ते सोयीचंच वाटणार, ही यातली खरी भीती.

आणखी एक गोष्ट मला मामाकडे बघताना जाणवली, ती कुठल्या अहवालात वाचलेली नाही. सिगारेट संपते. ती पेटवावी लागते, घराबाहेर जावं लागतं, मामीचे डोळे चुकवावे लागतात. हा डबा संपत नाही. दोन दिवसांत मी मामाला जेवणाच्या पानावरून उठताना, टीव्ही बघताना, अंथरुणात पडल्या पडल्या ओढताना पाहिलं. आणि घाटमाथ्यावर चहासोबत सिगारेट होतीच! 'बंद केली' म्हणजे 'कमी केली' असा अर्थ निघाला.

हे दोन्ही चालू ठेवणं सगळ्यात फसवं. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, असं २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात दिसलं होतं. वीसवरून एकवर आल्याने धोका विसाव्या हिश्शावर येत नाही.

पण सिगारेट खुली आणि वेप बंद, हा न्याय कुठला?

हा प्रश्न मामाने विचारला नाही, पण तुम्ही कमेंटमध्ये विचारणार. आणि तो रास्त आहे. सरकारची बाजू अशी की भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये पूर्ण बंदीची शिफारस केली होती, आणि नवी पिढी या सवयीत अडकण्याआधी दार बंद करणं शहाणपणाचं होतं. टीकाकार म्हणतात, जास्त मारक वस्तू प्रत्येक टपरीवर ठेवून कमी मारक वस्तू बंद करणं उलटं आहे. शिवाय देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीत एलआयसीचे मोठे समभाग आहेत.

मला दोन्ही बाजूंमध्ये एक गोष्ट सुटलेली दिसते. 'सिगारेटवरून वेपवर या' हा युक्तिवाद धूर ओढणाऱ्या देशांतून आलेला आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, पण त्यात ओढणारे होते फक्त ३.८ टक्के. तोंडातून तंबाखू घेणारे २४.४ टक्के. मळलेली तंबाखू, मशेरी, मावा. माझी आजी चुलीपाशी मशेरी भाजायची, तो वास अजून आठवतो. तिच्यासाठी वेप हा कशाचाच पर्याय नव्हता. मामासारखे लोक आपल्याकडे अल्पसंख्य आहेत, आणि आंब्याच्या चवीचं गिऱ्हाईक मामा नाही.

आणि जिथे वेपला सरकारी मान्यता आहे, तिथे या डब्याचं काय झालं? ब्रिटनमध्ये डॉक्टर आजही सिगारेट सोडायला वेप सुचवतात, पण १ जून २०२५ पासून तिथे एकदा वापरून फेकायचे वेप विकायला बंदी आहे. नियम असा, की वेप चार्जही झाला पाहिजे आणि त्यात रसही पुन्हा भरता आला पाहिजे. चार्ज होतो पण भरता येत नाही, म्हणजे मामाचा डबा, तो तिथेही बेकायदा. बेल्जियम आणि फ्रान्सनेही २०२५ मध्येच डिस्पोजेबल बंद केले. वेपच्या बाजूने उभा राहिलेला देशही ज्या वस्तूला उभं करत नाही, तिच्याबद्दल माझं मत तयार व्हायला मग वेळ लागला नाही.

आणि फेकायचा कुठे?

ब्रिटनमधल्या बंदीचं मोठं कारण आरोग्य नव्हतं, कचरा होता. २०२३ मध्ये तिथे आठवड्याला सुमारे ५० लाख डिस्पोजेबल वेप फेकले जात होते. त्यातल्या लिथियम बॅटऱ्या शेकडो वेळा चार्ज होण्याच्या लायकीच्या होत्या, हे लंडन आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तपासून दाखवलं.

आपल्याकडे २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत. त्यानुसार वापरलेली बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची. पण बंदी असलेल्या वस्तूचा कायदेशीर उत्पादकच नसतो! त्यामुळे या डब्याची जबाबदारी कागदावरही कुणाची नाही. तो जातो घंटागाडीत नाहीतर घाटाच्या कठड्यावरून खाली. उन्हाळ्यात या डोंगरांत वणवे लागतात, आणि गावात कचऱ्याचा ढीग पेटवून देण्याची सवय आहेच. लिथियमची बॅटरी जाळात फुटते. निकोटिन उरलेला रस पावसात कुठे वाहून जातो, ते सांगायला नको.

तुमच्या घरात असा डबा पडून असेल तर तो उघडू नका, ठेचू नका, जाळात टाकू नका. ई-कचरा घेणारं केंद्र किंवा जुन्या मोबाइल बॅटऱ्या गोळा करणारं दुकान शोधा. आणि फुगलेला किंवा गरम होणारा डबा चार्जिंगला लावून झोपू नका.

मामाला मी काय सांगितलं

"सिगारेटपेक्षा कदाचित बरा असता, जर आत काय आहे ते माहीत असतं, सिगारेट पूर्ण सुटली असती आणि तो कायदेशीर असता. यातलं एकही खरं नाही."

तो गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे परत सिगारेट?"

इथेच बहुतेक सल्ले संपतात, म्हणून पुढचं शोधून ठेवलं होतं. २ मिलिग्रॅमचं निकोटिन गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. ४ मिलिग्रॅमचं हवं असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर डॉक्टर सहसा ४ चं सुचवतात. आणि ते च्युइंगगमसारखं चघळत बसायचं नसतं. हळू चावायचं, झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की गालात दाबून ठेवायचं, मग पुन्हा चावायचं. कॉफी किंवा कोल्ड्रिंक पिऊन लगेच घेतलं तर नीट लागू पडत नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं थांबायचं. 'गम घेऊन बघितलं, काही होत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं इथेच चुकतं.

जिल्हा रुग्णालय अलिबागला, पोलादपूरहून शंभर किलोमीटरहून लांब. दिवसाचा धंदा बुडवून मामा तिथे समुपदेशनाला जाणार नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यामुळे फोन. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन, १८००-११-२३५६, मोफत आहे. तंबाखू मळणाऱ्यांसाठी आणि मशेरी लावणाऱ्यांसाठीही आहे, फक्त सिगारेटवाल्यांसाठी नाही.

मामाने नंबर लावला तो घाटात, जीप बाजूला घेऊन. दोन रिंग झाल्या आणि रेंज गेली. आंबेनळीत ती जातेच. परत पोलादपूरच्या नाक्यावर उतरलो, त्याने चहा सांगितला आणि पुन्हा फोन लावला. यावेळी लागला. मी उठून जीपपाशी जाऊन उभी राहिले, कारण पलीकडून बाईंनी विचारलं होतं, दिवसाला किती ओढता, आणि खरा आकडा त्याला माझ्यासमोर सांगायचा नव्हता.